चिन्नीचे दोन डबे

आमच्या देवासच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या वरच्या कप्प्यात दोन डबे आहेत. एक मोठा, बिस्किटांचा. दुसरा लहान, चहापत्तीचा. मोठ्या डब्यावर माझ्या मुलीने कागद चिकटवून लिहिलंय ‘थोरली पाती’ आणि लहानावर ‘धाकटी पाती’. घरी आलेला पाहुणा हमखास विचारतो, ‘‘यात काय?’’ मी सांगते, ‘‘चिन्नीचे पैसे.’’ चिन्नी ही आमची कुत्री. मग पाहुणा हसतो. कुत्रीचे पैसे, आणि तेही दोन डब्यांत!

आधी नावांचं सांगते. देवासला पवारांची दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोघा भावांनी वाटून घेतलेलं एकच गाव, दोन राजे, दोन कारभार. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही. आमच्या डब्यांचाही तोच कायदा आहे. तो का करावा लागला, त्याची ही हकिगत.

माझं माहेर बेळगावचं. वडील मराठी, आई बैलहोंगलकडची कन्नड. त्यामुळे आम्ही भावंडं आईला ‘अव्वा’ म्हणतो आणि भांडतो मात्र मराठीतून. लग्न होऊन देवासला आले तेव्हा गावाची एकच ओळख मला होती. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ साली आजारपणात कोरड्या हवेसाठी इथे येऊन राहिले आणि मग देवासचेच झाले, एवढंच. ही माळव्याची हवा माणसाला मानवते हे खरं. पण आमच्या चिन्नीला ती मानवायची तर पैसे मोजावे लागतात, हे मला फार उशिरा कळलं.

चिन्नी मुधोळची. घोरपड्यांच्या संस्थानातली ती शिकारी जात आपल्या वाचकांना मी काय सांगावी? २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. माझ्या भावाने २०१८ च्या डिसेंबरात दोन महिन्यांचं पिल्लू गाडीत घालून आणलं आणि म्हणाला, ‘‘अक्का, तुझ्या माहेरची आठवण.’’ बदामी रंग, काटकुळे पाय, लांब तोंड. अव्वाने फोनवरून नाव सांगितलं, चिन्नी. चिन्न म्हणजे सोनं. देवासच्या शेजारणींनी तिची लगेच ‘चुन्नी’ केली. असो.

पिल्लू फुकट आलं, म्हणून कुत्री फुकटात सांभाळली जाईल असं आम्ही धरून चाललो. भाकरी, भात, एखादं अंडं, एवढाच काय तो खर्च. सुरुवातीच्या लसी दिल्या तेव्हा हे म्हणाले, ‘‘झालं, आता वर्षभर बघायला नको.’’ मीही मान डोलावली.

उन्हाळा कसाबसा गेला. मग पाऊस आला आणि त्याच्याबरोबर गोचीड. आपण गोचीड म्हणतो, अव्वा उण्णी म्हणते, इकडे किलनी म्हणतात. तीन भाषांत नावं असली तरी रक्त पिण्याची रीत एकच. आम्ही कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ घालायचो, चिमट्याने एकेक ओढून रॉकेलच्या वाटीत टाकायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. औषधाच्या दुकानात मानेवर टाकायच्या थेंबांची किंमत विचारली. महिन्याला एक नळी लागणार होती. ‘‘पगार झाला की बघू,’’ असं म्हणून आम्ही परत आलो. तो पगार झाला, पुढचाही झाला. प्रत्येक पगाराला आधीचं काहीतरी रांगेत उभं असायचं.

२०१९ साली गणपती २ सप्टेंबरला बसले. त्या दिवशी चिन्नीने सकाळची भाकरी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी ती उठेना. अंग तापलेलं. मी यांना म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ या. हे म्हणाले, ‘‘पगार सातला आहे. मुलीच्या क्लासची फी परवाच भरली, गणपतीचं सामान आणलं. चार दिवस काढू या, उतरेल ताप.’’ यांनाच दोष कशाला देऊ? मलाही ते पटलं होतं. मनातल्या मनात मी रक्त तपासणीचे, सलाईनचे आकडे मांडत होते आणि प्रत्येक वेळी ‘उतरेल ताप’ इथेच येऊन थांबत होते.

अव्वाला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘दुड्डु आमेले, मोदलु जीव.’’ पैसे नंतर, आधी जीव. मला रागच आला. हजारभर किलोमीटरवरून असं म्हणायला काय जातंय!

सहा तारखेला गौरींचं जेवण होतं. पुरण वाटत असताना मुलगी ओरडत आली. चिन्नीच्या नाकातून रक्त येत होतं. हिरड्या पाहिल्या तर कागदासारख्या पांढऱ्या. आम्ही तिघं नुसते उभे. सासूबाई आतून आल्या. त्यांना मोतीबिंदूने नीट दिसत नव्हतं, भिंतीला हात लावत आल्या. त्यांच्या माळवी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, ‘‘घेऊन जा ना तिला. उभे काय राहून राहिले सगळे?’’ आणि कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

त्यांच्या पेटीत अठरा हजार रुपये होते. ते कशाचे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीनंतर इंदूरला डोळ्याचं ऑपरेशन करायचं, म्हणून त्यांनी पेन्शनमधून एकेक नोट बाजूला टाकली होती.

डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, गोचीडाचा ताप. गोचीड चावताना रोगाचे जंतू रक्तात सोडतो. मग रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात आणि नाकातून रक्त येतं. सलाईन, इंजेक्शनं, महिनाभर रोजच्या गोळ्या, पुन्हा दोनदा रक्त तपासणी. सगळे मिळून नऊ हजार चारशे रुपये लागले. डॉक्टर एवढंच बोलले, ‘‘पहिल्या दिवशी आणली असती तर निम्म्यात भागलं असतं.’’ चिन्नी वाचली. पण पेटीत उरले आठ हजार सहाशे.

त्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही धारला नणंदेकडे गेलो. देवासहून इंदूर आणि इंदूरहून धार, दोन्ही गावं पवारांची, म्हणून सासूबाई अजूनही याला ‘घरातल्या घरात जाणं’ म्हणतात. जेवणं झाल्यावर ताईंनी सहज विचारलं, ‘‘आई, डोळ्याची तारीख घेतली का?’’ कोणी बोलेना. सासूबाईच म्हणाल्या, ‘‘थंडी जाऊ दे. चैत्रात करू.’’ ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताट उचलण्याच्या निमित्ताने आत गेले.

ताई मागोमाग आल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. म्हटलं, ‘‘अचानक आलं हो सगळं.’’ ताईंकडे मोती नावाचा म्हातारा गावठी कुत्रा होता आणि दारात गाय. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘अचानक काय आलं? पाऊस?’’

मी गप्प झाले.

ताई म्हणाल्या, ‘‘पाऊस दर वर्षी येतो. पावसात किलनी दर वर्षी येते. लशीची तारीख कार्डावर लिहिलेली असते. मे महिन्यात ऊन पडतं. यातलं अचानक काय आहे? माणसाचा पगार महिन्याचा असतो, जनावराचा खर्च ऋतूचा. तुम्ही त्याला महिन्यात शोधता आणि मग सापडत नाही.’’ त्यांनी एक वही दाखवली. दिवाळीला नवी वही, नवा हिशेब. गायीच्या पानाशेजारी मोतीचं पान.

ते पान पाहून मला माझी अज्जी आठवली. बैलहोंगलला तिच्याकडे दोन म्हशी होत्या. जोंधळ्याची सुगी झाली की कडबा स्वस्त असायचा. अज्जी तेव्हाच तो घेऊन बणवी रचायची. घरात नवी साडी नसली तरी चालेल, बणवी हवी. पुढे उन्हाळ्यात शेजारीपाजारी दुप्पट भावाने कडबा शोधत फिरत आणि अज्जी निवांत धार काढत बसलेली असे. अव्वा म्हणाली, पैसे नंतर, आधी जीव. अज्जी म्हणाली असती, ‘‘दुड्डु मोदलु तेगदिडु.’’ पैसे आधी बाजूला काढून ठेव, म्हणजे जिवाला वाट बघावी लागत नाही. ज्या घरात आधी काढलेले नसतात, तिथेही पैसे उभे राहतातच. फक्त ते घरातल्या सगळ्यांत गप्प बसणाऱ्या माणसाच्या वाट्यातून येतात.

घरी आल्यावर मी वही घातली. आज तिचं सातवं वर्ष आहे. आकडे वेळोवेळी बदलत गेले. सध्याचे देते, तुमच्या गावी थोडे कमीजास्त होतील.

रोजचं खाणं मी यात धरत नाही, ते किराण्याबरोबर जातं. इथे फक्त ऋतूंचे खर्च. पावसाळा सरला की एकदा रक्त तपासणी, सहाशे रुपये. थंडीत देवासचा पारा कधी कधी सहा-सात अंशांपर्यंत उतरतो आणि मुधोळच्या अंगावर ना केस ना चरबी. तिच्यासाठी जाड अंथरूण आणि अंगात घालायचं काहीतरी, पाचशे. फेब्रुवारीत वर्षाच्या लसी, रेबीजची आणि बाकीच्या रोगांची एकत्र, तेराशे. जंताची गोळी दर तीन महिन्यांनी, शंभराप्रमाणे चारशे. उन्हाळ्यात कूलरचे गवत, ओसरीला वाळ्याचा पडदा आणि जास्तीचं पाणी, बाराशे. पाण्याचं ऐकून हसू नका. १९९० च्या उन्हाळ्यात या गावाला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्या घरात अजून कोणी भांडं भरून पाणी ओतत नाही. मे महिन्यात आम्ही बेळगावला येतो तेव्हा चिन्नी धारला ताईंकडे राहते. तिला सोडायचा आणि आणायचा खर्च हजार. पावसाआधी भिंतींच्या भेगा बुजवणं आणि फवारणी, सातशे. जून ते ऑक्टोबर दर महिन्याला गोचीडाचं औषध, सहाशेप्रमाणे तीन हजार.

एकूण आठ हजार सातशे. बाराने भागले तर सातशे पंचवीस. पहिल्या वर्षी आकडे लहान होते, पण मी असंच भागून तेवढेच टाकत गेले आणि जूनमध्ये डबा रिकामा! कारण खर्च बारा महिन्यांत सारखा पडतच नाही. आजच्या आकड्यांनीही दिवाळीपासून सातशे पंचवीस टाकले तर लसी, उन्हाळा, प्रवास होऊन जूनच्या शेवटी चारशे रुपये कमी पडतात. म्हणून आता आठशे टाकते. मग जूनअखेर दोनशे शिल्लक राहतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत डबा कधी रिता होत नाही. वर्षाचा खर्च भागणं वेगळं आणि ऐन वेळेला पैसे हातात असणं वेगळं, हे मला त्या जूनने शिकवलं.

हा झाला मोठा डबा, थोरली पाती. लहान डब्यात महिन्याला तीनशे. ते फक्त दुखण्याखुपण्याला. मोठ्यातून लहानात किंवा लहानातून मोठ्यात हात घालायचा नाही. गेल्या साली जावेच्या मुलीने चिन्नीला लाडू घातला, त्यात आपल्याकडून आलेले बेदाणे होते. बेदाणे, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारखी बाधतात. त्या रात्री मी घड्याळही पाहिलं नाही आणि पाकीटही. धाकटी पाती उघडली आणि रिक्षा केली. एका तासात उलटी करवून घेतली, निभावलं. पूर्वी असती तर ‘सकाळी बघू’ झालं असतं.

डब्यांनी आणखी एक गोष्ट झाली. पैसे समोर दिसायला लागल्यावर आम्ही विचारायलाही शिकलो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काय मिळतं ते चौकशी करून कळलं. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमाराला अनेक ठिकाणी ही लस मोफत टोचतात. इंदूरजवळ महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे मला वीस वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. गोचीडाची मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, हेही तेव्हाच समजलं. आणि काटकसर म्हणून आपल्या डब्यातली तापाची गोळी जनावराला द्यायची नाही. त्यात कुत्रंही जाऊ शकतं, मांजर तर हमखास. कुत्र्याचं गोचीडाचं औषधही मांजराला लावायचं नाही. असली बचत सगळ्यांत महाग पडते.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत हे पान थोडं वेगळं दिसेल. आपल्याकडे थंडी इतकी कडक नाही, पण पाऊस लांबतो. तिथे थंडीचे पैसे कमी धरा. अंग कोरडं ठेवायला, कातडीच्या खाजेला जास्त धरा. विजयपूर, बागलकोटकडे उन्हाळा मोठा धरा. लशींची तारीख कार्डावर पाहा आणि त्या महिन्यापासून मागे मोजत या. कोणत्या महिन्यात डब्यातलं पाणी सगळ्यांत खाली जातं ते एकदा काढा, म्हणजे महिन्याला किती टाकायचे ते आपोआप कळतं.

सासूबाईंचं ऑपरेशन चैत्रात व्हायचं होतं. त्यांच्या पेटीत आम्ही काटकसर करून पैसे परत भरत होतो. पण तो २०२० चा चैत्र होता. २५ मार्चपासून सगळा देश बंद झाला. बस नाही, इंदूरला जायची सोय नाही, तातडीची नसलेली ऑपरेशनं सगळीकडे पुढे ढकललेली. ते वर्ष त्यांनी जवळजवळ न दिसता काढलं. पोथी मुलगी वाचून दाखवायची. चहाचा कप हातात द्यावा लागायचा. दिवसभर त्या ओसरीवर बसायच्या आणि चिन्नी त्यांच्या पायाशी. उठायचं झालं की त्या चिन्नीच्या पाठीवर हात ठेवून अंदाज घ्यायच्या. एकदाही त्या म्हणाल्या नाहीत की माझे डोळे हिच्यापायी राहिले. म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

२०२१ च्या फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. पट्टी सुटून घरी आल्या, ओसरीवर बसल्या आणि चिन्नीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘एवढी बदामी आहे होय ही! मला तर मातकट दिसून राहिली होती.’’

चिन्नी आता सात वर्षांची झाली. दर दिवाळीला नवी वही काढते तेव्हा पहिलं पान चिन्नीचं नसतं. त्यावर मी सासूबाईंच्या तारखा लिहिते, डोळ्यांची तपासणी, रक्तदाबाच्या गोळ्या, दाताची कवळी. त्याच्यासाठी वेगळा, तिसरा डबा आहे. त्याला नाव दिलेलं नाही. मुलीने विचारलं, ‘‘याला काय लिहू?’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘काही लिहू नको. ज्याला ठाऊक, त्याला ठाऊक.’’